पाठीवर अडलेली वेणी

प्रश्न : मी मूळची परभणी जिल्ह्यातली. दोन वर्षांपासून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. माझे केस पहिल्यापासूनच मऊ, बारीक आणि विरळ. ते कमरेपर्यंत वाढवायचे ठरवले आहे, पण वेणी खांद्याखाली वीतभर येऊन थांबली ती पुढे सरकतच नाही. आई म्हणते, तेल कमी पडतं. खोलीतली मैत्रीण म्हणते, दर महिन्याला टोकं काप. पार्लरच्या ताई केराटिन सुचवतात. मला वाटतं दोष पाण्याचा, तर घरमालकीणबाई म्हणतात, पुण्याच्या पाण्याने केस सुधारतात, बिघडत नाहीत! खरं काय?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : घरमालकीणबाईंशी वाद घालू नका, अजून तिथेच राहायचं आहे. शिवाय त्या निम्म्या बरोबर आहेत. त्याकडे येतेच.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुमचे केस वाढायचे थांबलेले नाहीत. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला सुमारे पंधरा. बारीक केस असो की जाड, यात फार फरक पडत नाही. पुरावा हवा असेल तर केस काळे करणाऱ्या कोणत्याही काकूंना विचारा. महिना झाला की मुळाशी पांढरा पट्टा हजर होतो. तुमच्या डोक्यावरही तेवढीच वाढ चालू आहे. ती दिसत नाही, कारण वरून जेवढं वाढतं तेवढंच खालून तुटतं. म्हणजे वाढवण्याचे उपाय शोधण्यात अर्थ नाही, तुटणं कसं कमी होईल ते बघायचं.

आता थोडा हिशेब करू. खांद्याखाली वीतभर म्हणजे टाळूपासून सुमारे ४८ सेंटिमीटर धरू. वर्षाला पंधराच्या हिशेबाने तुमच्या वेणीचं टोक तीन वर्षांहून जुनं झालं. तुम्ही पुण्यात येऊन दोन वर्षं झाली. म्हणजे वरचा फूटभर भाग पुणेकर आणि खालचा वीतभर अजून परभणीकर आहे! या टोकाने तीन उन्हाळे पाहिले, शेकडो वेळा फणी सोसली, बसच्या खिडकीतला वारा खाल्ला. मुळाशी असलेला केस जिवंत पेशींतून घडत असतो, पण टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला झालेली इजा आतून भरून येत नाही. त्वचेवरचा ओरखडा बुजतो, केसावरचा बुजत नाही. केसांच्या निगेतला निम्मा गोंधळ या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतो.

बारीक केसाची आणखी एक अडचण आहे. ज्याची जाडी ६० मायक्रॉनहून कमी, तो साधारणपणे बारीक केस मानतात. जाडी निम्मी झाली की छेदाचं क्षेत्रफळ चौथाई होतं. म्हणून १०० मायक्रॉनचा केस जेवढा ताण सहज सोसतो, त्याच्या चौथाई ताणातच ५० मायक्रॉनच्या केसाची कसोटी लागते. केसाच्या बाहेर पातळ खवल्यांचे थर असतात, जुन्या वाड्याच्या छपरावर कौलं एकावर एक रचलेली असावीत तसे. घासणं, उष्णता, साबण यांनी ते खवले उचकटतात, झिजतात, गळतात. मग आतला गाभा उघडा पडतो आणि टोकाला फाटे फुटतात. फाटा एकदा फुटला की वर चढत जातो आणि केस मधेच तुटतो.

तुमचे केस तुटतात की गळतात, हे घरच्या घरी बघता येतं. एका सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेची कोरी बाजू घ्या आणि त्यावर केस विंचरा. पडलेले केस बोटाने वेगळे करून एका टोकाला पांढरा, टाचणीच्या टोकाएवढा गोळा आहे का ते पाहा. गोळा असेल तर तो केस आपलं आयुष्य संपवून मुळासकट गळला आहे. असे रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. गोळा नाही आणि तुकडा बोटभरच लांब आहे, तर तो तुटला आहे. तुमच्या कागदावर दुसऱ्या प्रकारचे तुकडे जास्त दिसतील, असा माझा अंदाज आहे. पण मुळासकट गळलेले केस वेणीइतकेच लांब आणि बहुसंख्य निघाले, तर गोष्ट वेगळी. केसाचा वाढीचा काळ माणसागणिक दोन ते सहा वर्षांचा असतो. तो काळ साडेतीन वर्षांचा असेल तर केस साधारण ५२ सेंटिमीटरवर गळणारच. कमरेपर्यंत पोचायला पाच वर्षं लागतात आणि तेवढा काळ प्रत्येकीला मिळालेला नसतो. ही गोष्ट कोणतंही तेल बदलू शकत नाही. जाहिरातीतली कमरेखालची वेणी बघून स्वतःला कमी लेखू नका.

आता पाणी. सदाशिव पेठेला महापालिकेचं पाणी खडकवासला प्रकल्पातून, पर्वती जलकेंद्रातून येतं. हे नदीचं पाणी आहे, जड नाही, म्हणून मालकीणबाईंचं म्हणणं निम्मं खरं. पण ज्या इमारतीत चाळीस-पन्नास मुली राहतात तिथे नळाचं पाणी पुरतंच असं नाही. बोअरवेल किंवा टँकर आला की चित्र बदलतं. तुमच्या बादलीच्या काठावर पांढरे डाग पडतात का? साबणाला फेस कमी येतो का? मेसच्या मावशी डाळ शिजत नाही म्हणून कुरकुरतात का? तसं असेल तर पाणी जड आहे. जड पाण्याने केस खरोखर कमजोर होतात का, यावर संशोधकांचं एकमत नाही. भारतात झालेल्या एका अभ्यासात ताकदीत फरक दिसला नाही, पाकिस्तानातल्या अभ्यासात दिसला. मात्र क्षारांचा थर बसून केस राठ होतात आणि राठ केसांत गुंता लवकर होतो. बारीक केसांना तेवढं पुरेसं आहे. उपाय स्वस्त आहे. न्हाऊन झाल्यावर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचे घ्या. त्यात एक लहान चमचा व्हिनेगर टाकलं तरी चालेल. डोळे मात्र मिटा. आणि डोक्याला अंगाचा साबण कधीच लावू नका. साबण अल्कधर्मी असतो, त्याने खवले उचकटतात. जड पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो, तो निघता निघत नाही.

किती वेळा न्हायचं? ‘आठवड्यातून एकदा, रविवारी’ हा नियम वाड्यातल्या बंबाच्या काळातला आहे. एका बंबावर सगळं घर न्हायचं, सरपण आणि पाणी दोन्ही जपून वापरायचं, तेव्हा तो शहाणपणाचाच होता. पण बारीक केस तेलकट होऊन लवकर चपटे पडतात. त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा धुतलं तर काही बिघडत नाही. सौम्य शाम्पू थोड्या पाण्यात कालवून फक्त टाळूला लावा. फेस खाली ओघळतो, टोकांना तेवढा पुरतो. कंडिशनर टोकांकडच्या निम्म्या भागाला, मुळाशी नको. शिकेकाई हवी असेल तर जरूर वापरा, मला ती आवडते, पण पूड तशीच चोळू नका. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथ्याच्या भरड कुटीचे कण बारीक केसांवर घासले जातात. रात्री भिजवा, सकाळी उकळा, मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या आणि त्या पाण्याने न्हा. खोलीवर उकळायची सोय नसेल तर शिकेकाई सुट्टीत घरी गेल्यावर. खोलीतल्या हीटरवर लपूनछपून उकळण्याइतकी तिची थोरवी नाही.

खरी हानी न्हाल्यानंतरच्या दहा मिनिटांत होते. ओल्या केसातले काही बंध पाण्याने सुटतात, केस ताणला तर जवळजवळ एक तृतीयांश लांबतो आणि त्याहून जास्त ओढला तर तुटतो. आपल्याकडे बायका पुढे वाकून ओले केस पंच्याने फटकारतात, पाण्याचे तुषार उडतात, झटपट वाळल्यासारखं वाटतं. दाट केसांच्या आजीला ते परवडत होतं. तुम्ही तसं करू नका. जुन्या सुती धोतराचं किंवा साडीचं फडकं घ्या, केसांभोवती गुंडाळा, मुठीत धरून दाबा, चोळू नका. अर्धवट वाळले की लांब आणि विरळ दातांच्या फणीने टोकापासून सुरुवात करा. वरचा भाग मुठीत घट्ट धरायचा, म्हणजे ओढ मुळाला बसत नाही. खालची चार बोटं मोकळी झाली की मूठ वर सरकवायची. भांगापासून खाली फणी ओढत आणली तर सगळे गुंते शेवटी एका गाठीत गोळा होतात आणि ती गाठ सोडवताना वीसेक केस जातातच. पावसाळ्यात केस वाळायच्या आत घट्ट वेणी घालू नका. पंखा लावून जरा थांबा.

अभ्यासिकांमधून फिरताना एक गोष्ट नेहमी दिसते आणि तुमच्याही हाताला ती सवय असणार. डोक्यावरचा पंखा केस तोंडावर उडवतो, म्हणून मुली केसांचा पीळ करून त्यात पेन खोचून अंबाडा घालतात. चार तास राज्यघटना वाचून झाली की पेन ओढून काढतात. त्या पेनाची पट्टी, जी खिशाला अडकवायची असते, ती बारीक केसांत अडकते. एकदा काढल्यानंतर पेन उजेडात धरून बघा, पट्टीत दोन-चार केस लोंबत असतील. गुळगुळीत लाकडी काडी किंवा बोथट दातांचा क्लचर तुळशीबागेत सहज मिळतो. बारीक रबरं मात्र फेकून द्या. सॅटिनची जाडसर रबरं वापरा आणि रोज एकाच जागी बांधू नका. घट्ट उंच पोनीने कपाळावरचे केस कायमचे विरळ होऊ शकतात. आणि टिळक रोडवर दुचाकीवर जाताना स्कार्फमधून बाहेर सोडलेला वेणीचा शेवट वाऱ्यावर उडून दुपारपर्यंत दोरखंड होतो. तो आत घ्या, मग हेल्मेट घाला. हेल्मेटने केस गळत नाहीत, हे सांगायला हवंच. तो बहाणा पुण्यात जुना आहे.

तेलाबद्दल आई निम्मी बरोबर आहे. तेल मुळांना ‘खायला’ मिळत नाही, केसांची वाढ त्याने होत नाही. पण खोबरेल तेल खरोखर केसाच्या आत शिरतं. मॅरिको कंपनीतल्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून प्रसिद्ध केलं की, न्हाण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसातली प्रथिनं कमी निघून जातात. बाकीच्या दोन तेलांनी तसं होत नाही. कारण खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असतात. ही कंपनी खोबरेलच विकते, हे लक्षात ठेवूनही अभ्यास दमदार आहे. म्हणून न्हाण्याआधी तास-दोन तास, अर्धा चमचा कोमट तेल, केसांच्या लांबीवर. बारीक केसांना त्याहून जास्त नको. टाळूला कोंडा असेल तर तिथे तेल थापू नका, कोंडा वाढतो. एरंडेल केस दाट करतं असं सांगतात, पण ते इतकं चिकट असतं की लांब केसांचा धुताना सोडवता न येणारा गठ्ठा झाल्याचं उदाहरण आपल्याच डॉक्टरांनी २०१७ साली नोंदवलं. तो गठ्ठा कापावाच लागला.

टोकं कापल्याने केस वेगाने वाढत नाहीत, टोकाची बातमी मुळाला कळत नाही. पण फाटे फुटलेला भाग काढला तर फाटा वर चढत नाही. दर महिन्याला कापाल तर जेवढी वाढ तेवढी कात्री, वेणी आहे तिथेच राहील. तीन-चार महिन्यांनी एक सेंटिमीटर पुरे. केराटिन? पार्लरच्या ताईंना माझा नमस्कार सांगा आणि पैसे परीक्षेच्या फीसाठी ठेवा. अशा अनेक द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडचा वायू निघतो आणि वर इस्त्रीची उष्णता. बारीक केसाला हा सौदा परवडत नाही.

राहिलं पोट. केस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत. मेसचं वरण पाणी-पाणी असेल आणि संध्याकाळी जेवण पुढे ढकलून फक्त वडापाव झाला असेल, तर एवढं भरत नाही. मूठभर भाजलेले शेंगदाणे, मूठभर फुटाणे, खात असाल तर दोन उकडलेली अंडी, यातून वीसेक ग्रॅमपर्यंत जाता येतं आणि यातलं निम्मं खोलीत बरणीत ठेवता येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोह कमी पडलं की केस गळायला लागतात. आईकडून अळिवाचे लाडू मागवा, त्यात लोह चांगलं असतं. आणि जेवण झाल्या-झाल्या अमृततुल्यवर जाऊन उभं राहू नका. चहाने लोहाचं शोषण घटतं, तासाभराने प्या.

बायोटिनच्या गोळ्या अभ्यासिकेत चॉकलेटसारख्या वाटल्या जातात म्हणे. खरी कमतरता फार क्वचित असते. उलट मोठ्या मात्रेतल्या बायोटिनने थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना तसं सांगा. डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. ते घाबरवतं, पण बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबतं. मात्र भांग रुंद होत चालला असेल, गोल चट्टे पडले असतील, पाळी अनियमित असेल किंवा गळती सहा महिन्यांनीही थांबली नसेल, तर तेलं बदलत बसू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासून घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ससूनमध्ये त्वचारोग विभाग आहे, केसपेपरचा खर्च मेसच्या एका जेवणाएवढाही नाही.

वर्षभर एवढं केलंत तर वेणी दहा-बारा सेंटिमीटर तरी खाली यायला हवी. आली नाही तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : आमच्या सात महिन्यांच्या नातीचे केस अगदी विरळ आहेत. जावळ काढून दोन-तीनदा गोटा केला की केस दाट येतात, असं घरात सगळे म्हणतात. सून ऐकत नाही. तुम्ही तिला सांगा.

उत्तर : मी सुनेच्या बाजूने आहे. जावळ हा संस्कार म्हणून करा, हौस म्हणून करा, त्याला माझी हरकत नाही. पण वस्तऱ्याने मूळ बदलत नाही. वस्तरा केसाचं निमुळतं टोक कापून बोथट करतो, म्हणून नवा केस हाताला जाड लागतो, एवढंच. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली दाढीच्या केसांवर हे मोजून पाहिलं होतं. तेवढ्या लांब जायचीही गरज नाही. शेंडी ठेवून नियमाने घेरा करणाऱ्या आपल्याच पेठांतल्या पिढ्यांना टक्कल चुकलं नाही.   बाळाचे जन्मतःचे केस पहिल्या काही महिन्यांत गळतात आणि नवे हळूहळू येतात. दोन वर्षांपर्यंत वाट पाहा. नातीच्या डोक्याला तेल लावायचा मान तुमचाच.

प्रश्न : बहिणीच्या लग्नात खोपा घालायचा आहे. केस पातळ असल्याने गंगावन लावावं लागेल. त्याने केस तुटतील का?

उत्तर : चार-पाच तासांनी काही होत नाही. तुळशीबागेत घेताना हातात धरून वजन बघा आणि हलकंच निवडा. जड गंगावनाची ओढ मुळांवर येते. आकडे कानामागच्या दाट भागात रोवायला सांगा, कपाळाजवळ नको, आणि हेअर स्प्रेचा फवारा बेताने. रात्री कितीही दमलात तरी तसंच झोपू नका. आधी आकडे एकेक करून, मग गंगावन काढा आणि गुंता दुसऱ्या दिवशी खोबरेल लावून बोटांनी सोडवा.

वाचकांना एक विनंती : केसांबद्दल लिहिताना वय, तक्रार कधीपासून, गेल्या सहा महिन्यांत आलेला ताप किंवा बाळंतपण, चालू असलेली औषधं आणि घरातलं पाणी नळाचं की बोअरचं, एवढं जरूर कळवा. पाकिटातून केस पाठवू नयेत. ते पाहून मला काही सांगता येत नाही.